कळव्याच्या वीस मुलांचं चित्रपुस्तक, लीड्समधून

पत्र: मी ठाण्याशेजारच्या कळव्याची. एक वर्षाच्या एम. ए.साठी सप्टेंबरात लीड्सला आले. त्याआधी तीन वर्षं दर रविवारी कळवा-विटाव्यातल्या मुलांना चित्रकला शिकवत होते. वीस मुलं आहेत, वय अकरा ते एकोणीस. काहींचा हात खरंच चांगला आहे, पण इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा झाली की कागद-रंगांचा खर्च घरच्यांना झेपत नाही आणि चित्र सुटतं. त्यांच्या चित्रांचं एक पुस्तक काढून ते ठाण्यात आणि इथेही विकावं, आलेल्या पैशांतून त्यांना साहित्य द्यावं असं मनात आहे. हजार प्रती छापू म्हणते. इथले वर्गमित्र आणि दोन प्राध्यापक पैसे द्यायला तयार आहेत. मुलं फोनवरून चित्रांचे फोटो पाठवू लागली आहेत. तिकडे माझा भाऊ आणि शाळेतले ड्रॉइंगचे सर मदत करतील. सुरुवात कुठून करू? (कळवा, सध्या लीड्स)

उत्तर: सुरुवात फोटो थांबवण्यापासून कर. आजच मुलांना कळव की फोटो पाठवू नका, मूळ चित्रं नीट जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र आकाराने इतकं लहान होतं की पुस्तकाच्या पानावर ते धूसर येतं, आणि ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पिवळा-हिरवा रंग चढतो तो नंतर पूर्ण निघत नाही. त्याहून मोठं कारण वेगळं आहे. मुलाने चित्र पाठवलं की त्याच्या मनात ते पुस्तकात गेलेलं असतं. पालकांची परवानगी नाही, निवड नाही, पुस्तकाचा आकारही ठरलेला नाही, आणि आशा मात्र लागलेली, असं व्हायला नको.

दुसरी गोष्ट, तुझ्या पत्रातली सगळ्यात जमेची बाजू म्हणजे भाऊ आणि सर. या पुस्तकाचं बरंचसं काम हाताचं आहे. कागद वाटणं, चित्रं गोळा करणं, पालकांच्या सह्या, स्कॅनिंग, छापखान्यात उभं राहून नमुना तपासणं. हे सगळं कळव्यातच होणार. तुझ्याकडे मजकूर, मांडणी आणि हिशेबावरची नजर. सरांवर शाळेचा भार असतो, म्हणून कागदपत्रं आणि धावपळ भावाकडे दे. चित्रांबद्दलचा शब्द सरांचा. आठवड्यातून एकदाच बोला, रविवारी ठाण्याचे चार वाजले की. तेव्हा तुझ्याकडे हिवाळ्यात सकाळचे साडेदहा आणि मार्चअखेर घड्याळं पुढे गेली की साडेअकरा वाजलेले असतात. दोन्ही घरी ती वेळ सोयीची आहे.

वेळापत्रक मुलांच्या शाळेवर बसवायचं. शासकीय रेखाकला परीक्षा साधारण सप्टेंबरअखेर संपतात, त्यामुळे दिवाळीची सुट्टी चित्रं काढायला मोकळी मिळते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सह्या आणि स्कॅनिंग. तुझ्या नाताळच्या सुट्टीत मांडणी. जानेवारीत डमी, म्हणजे नमुना प्रत. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या मुलांना हात लावायचा नाही. तेव्हा तुम्ही तिघांनी छपाई उरकायची. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, परीक्षा संपून मुलं गावाला जाण्याआधी, प्रकाशन. तू परत येईपर्यंत थांबावंसं तुला वाटेल, पण थांबू नकोस. जूनपासून तुझा प्रबंध, इकडे पाऊस, सप्टेंबरच्या आसपास गणपती, आणि तोवर दहावीची मुलं वेगवेगळ्या कॉलेजांत पांगलेली असतील. पावसाळ्यात छपाई केली तर कागद ओल धरतो, लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ वळतं आणि पानं लाटेसारखी उठतात.

आता परवानगी, कारण याआधी एकही चित्र हातात घेऊ नये. चित्राचा कॉपीराइट ते काढणाऱ्याचा असतो, तो अकरा वर्षांचा असला तरी. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही करारात चालत नाही, म्हणून पालकाची घ्यायची. अठरा पूर्ण झालेल्यांनी स्वतः करायची. एक पानी मराठी पत्र पुरेल, पण त्यात काही गोष्टी नेमक्या हव्यात. कोणती चित्रं (क्रमांकासह), कशासाठी (पुस्तक, त्याची प्रसिद्धी आणि प्रदर्शन, एवढंच), किती वर्षं, कुठे, आणि मोबदल्यात काय. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुला पुस्तक लीड्समध्ये दाखवायचं आहे, तेव्हा 'भारत व परदेश' हे तीन शब्द विसरलीस तर कागद अपुरा पडेल. मुदत पाच वर्षंच ठेव, जास्त मागू नकोस. ग्रीटिंग कार्ड, टी-शर्ट, कॅलेंडर यांना ही परवानगी लागू नाही, त्यासाठी पुन्हा विचारू, असं स्पष्ट लिही. मूळ चित्र मुलाचंच राहील आणि अमुक तारखेपर्यंत परत मिळेल, हे ठळक अक्षरांत असू दे. पालकांना पत्र वाचून दाखवायचं, नुसतं सहीला पुढे करायचं नाही.

मोबदला म्हणून प्रत्येकाला पुस्तकाच्या दोन प्रती आणि साहित्य, हे किमान. 'तुझं नाव छापून येईल' हा मोबदला नव्हे. नावाचंच बोलायचं तर ते पूर्ण छापायला हरकत नाही, मुलांना ते हवंच असतं. मात्र पूर्ण नाव, शाळा, घराचा भाग आणि मुलाचा फोटो हे सगळं एका पानावर आणू नकोस. नाव आणि वय पुरे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. पत्रातच तेवढं एक वाक्य घाल.

दिवाळीच्या सुट्टीत दोन-दोन तासांच्या तीन बैठका ठेवा. जागा समाजमंदिर किंवा एखाद्या सोसायटीचा हॉल बघा. महापालिकेच्या शाळेत घ्यायचं तर मुख्याध्यापक आणि शिक्षण विभाग यांची लेखी परवानगी लागते, त्यात सुट्टी संपून जाईल. प्रत्येकाला चार कागद, म्हणजे ऐंशी, आणि वीस जादा: शंभर कागद. ए-फोर आकाराचा, १५० ते २०० जीएसएमचा (हे कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते) कार्ट्रिज कागद घ्या. परीक्षेला वापरतात तो पाव इम्पिरियल कागद ११ × १५ इंचांचा असतो, तो ए-फोर स्कॅनरच्या काचेवर मावत नाही. दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडावा लागतो आणि जोड बहुतेक वेळा चेहऱ्यावर किंवा आभाळात दिसतो. पेन्सिली २बी, ४बी, ६बी, पाण्याने न पसरणारी काळी पेनं, पंचवीस रंगांच्या ऑइल पेस्टलच्या दहा पेट्या, दोघांत एक, पोस्टर रंग. चमकीची जेलपेनं आणि फ्लोरोसंट स्केचपेन देऊ नका. तो गुलाबी आणि तो पोपटी छपाईच्या चार शाईंतून निघतच नाही, मातकट येतो, आणि मूल पुस्तक उघडून विचारतं की माझा रंग कुठे गेला.

विषय काय द्यायचा, यावर जरा थांबूया, कारण पुस्तक इथेच उभं राहतं किंवा पडतं. ही मुलं रेखाकला परीक्षेच्या स्मरणचित्रावर तयार झालेली आहेत. 'काहीही काढा' म्हटलंस तर वीसपैकी बाराजण बाजार, हळदीकुंकू, किंवा दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढतील. हात सफाईदार असेल, पण ते चित्र कळव्याचं असणार नाही. म्हणून तीन कामं नेमून द्या. पहिलं, घराच्या दारात बसून जेवढं दिसतं तेवढंच. दुसरं, रोज जाता-येता लागणारी एक जागा, तिथे अर्धा तास बसून केलेल्या कच्च्या रेखाटनावरून. पारसिकच्या उतारावर एकावर एक चढलेली घरं, कारशेडमध्ये रांगेने उभ्या लोकल, पावसात तुंबणारा विटाव्याचा सबवे, खाडीकडचं काहीही. तिसरं, घरातलं एक माणूस काम करताना. चौथा कागद मुलाच्या मर्जीचा. बाहेर बसताना सोबत मोठं माणूस हवंच, आणि कारशेड पुलावरून किंवा रस्त्यावरून काढायची. रुळांच्या जवळ कुणालाही बसू द्यायचं नाही.

वारली पद्धतीच्या किनारी घालून पानं 'सजवण्याचा' मोह कुणाला तरी होईल. तो आवर. वारली ही एका समाजाची कला आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे. गटात वारली घरातलं मूल असेल आणि ते स्वतः काढत असेल तर ते चित्र त्याच्या नावाने मानाने छाप. उसनी नक्षी नको.

बैठकीच्या शेवटी प्रत्येक मुलाला चित्राबद्दल दोन मिनिटं बोलायला लावून भावाने फोनवर रेकॉर्ड करावं. लिहायला सांगितलं की मुलं निबंध लिहितात. बोलताना 'ही आई नाही, मावशी आहे, आई रात्रपाळीला असते' असं खरं येतं. त्यातली चार-पाच वाक्यं निवड आणि मुलाच्या बोलीत तशीच ठेव. आगरी-कोळी घरातल्या मुलाचं बोलणं पुस्तकी मराठीत वळवू नकोस. छापण्याआधी ते त्याला वाचून दाखव.

चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक टाकायचा. मूल क्रमांक सात, चित्र दुसरं, तर ०७-२. बॉलपेनने लिहिलं तर पुढून उठाव दिसतो, स्केचपेन आरपार उतरतो. हाच क्रमांक वहीत, परवानगीच्या पत्रावर आणि पुढे स्कॅनच्या फाइलला. नाव मुलाकडून त्याच्या हाताने एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तीही स्कॅन करा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका टळतातच, पण पानावर छापील नावाऐवजी त्याची हीच अक्षरं वापरता येतात. चित्रं गुंडाळायची नाहीत, यूपिन-स्टेपलर लावायचा नाही. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट, आणि प्रत्येक ऑइल पेस्टलवर बटर पेपर. नाहीतर एका चित्राचं आभाळ दुसऱ्याच्या पाठीवर उमटतं.

स्कॅनिंगमध्ये सर्वांत जास्त नुकसान होतं, आणि ते न भरून येणारं असतं. झेरॉक्सच्या दुकानात कागद आत ओढून घेणारं यंत्र असतं, त्यातून मूळ चित्र कधीही घालू द्यायचं नाही. रोलरखाली ऑइल पेस्टल फरफटतं, आणि पुढच्या पाच चित्रांवर तो पट्टा येतो. सपाट काचेचा स्कॅनरच हवा. पेस्टलच्या प्रत्येक चित्रानंतर काच मऊ कापडाने पुसायची. ३०० डीपीआय (स्कॅन किती बारीक, त्याचं माप) पुरतो. पोस्टकार्डाएवढं रेखाटन मोठं करून छापायचं असेल तरच ६००. फाइल टिफमध्ये. ए-फोर चित्र ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं आणि साधारण २५ एमबी जागा घेतं, म्हणजे ऐंशी चित्रांना दोन जीबी. ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपने नाही, ड्राइव्हवर चढवायची, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर कळव्यात राहू द्यायची.

स्कॅनरच्या सेटिंगमधलं 'ऑटो' म्हणून जे जे आहे ते बंद करा: रंग सुधारणा, धार वाढवणं, पार्श्वभूमी पांढरी करणं. फोनमधली स्कॅनची अ‍ॅप हेच करतात, म्हणून तीही नकोत. पार्श्वभूमी पांढरी झाली की ४बीने हलक्या हाताने टाकलेली सावली पुसली जाते आणि उरतात नुसत्या बाह्यरेषा. पेन्सिलचित्रात कागदाचा किंचित करडेपणा राहू दे, तीन ते पाच टक्के. तोच त्या फिक्या रेषांना धरून ठेवतो.

आधीची काही पाव इम्पिरियल चित्रं चांगली असतील तर ए-थ्री काचेचा स्कॅनर शोधा, त्यावर ती मावतात. तोही नाही मिळाला तर फोटो काढा, पण सकाळी दहा-अकराच्या सुमाराला खिडकीजवळ, थेट ऊन नको, फ्लॅश नको. चित्र भिंतीवर सपाट, फोन बरोबर समोर, आणि जवळ जाण्याऐवजी थोडं मागे सरून झूम दुप्पट. जवळून काढला की कागदाच्या कडा फुगतात.

पुस्तकाचा आकार ८ × १० इंच उभा ठेव. डिजिटल छपाईच्या १२ × १८ इंची कागदावर याची दोन पानं शेजारी-शेजारी आरामात बसतात. चौकोनी साडेआठ इंची पुस्तक देखणं असतं, पण त्याच कागदावरची तीन इंचांची पट्टी वाया जाते आणि पैसे तिचेही पडतात. आतली पानं ४८. मध्ये पिन मारून केलेल्या बांधणीत पानं चारच्या पटीत लागतात, आणि ४८ पानांना ती उत्तम. पाठीला गोंद लावलेली बांधणी इतक्या कमी पानांना धरत नाही. मुलं पुस्तक पूर्ण उलटं मुडपून बघतात आणि महिनाभरात पानं सुटतात. पिनेचं पुस्तक सपाट उघडतं, ते मुलांसाठी बरं.

पानांचा हिशेब असा. पान १ शीर्षक, २ श्रेय आणि प्रकाशनाचा तपशील, ३ तुझं मनोगत, ४-५ वर मुलांनी मिळून काढलेला कळवा-विटाव्याचा नकाशा. मग ६ ते ४५ अशी चाळीस पानं, प्रत्येक मुलाला समोरासमोरची दोन. डावीकडे त्याची अक्षरं, त्याचे शब्द आणि एक लहान रेखाटन. उजवीकडे एकच मोठं चित्र. राहिली तीन: दोन आभारांना, आणि शेवटच्या ४८व्या पानावर पुस्तकाच्या खर्चाचा आणि आलेल्या पैशांचा छापील हिशेब. वीसही मुलांना सारखी जागा दे. 'उत्कृष्ट' पाच आणि बाकी पंधरा टपाल तिकिटाएवढी, असं केलंस तर ती पंधरा पुढच्या रविवारी येणार नाहीत. सरांची निवड चालेल ती प्रत्येक मुलाच्या चारांतलं कोणतं, एवढ्यापुरती.

चित्र पानभर पसरून कडा कापू नकोस. मुलांची सही नेमकी कोपऱ्यात असते. ए-फोर चित्र नऊ इंच उंचीला आणलंस की रुंदी साधारण ६.४ इंच होते, चारी बाजूंनी समास राहतो आणि कागदाची मूळ कड दिसते. आडवं चित्र दोन पानांवर टाकायचं असेल तर ते २४-२५ वर. संपूर्ण पुस्तकात तेवढी एकच जोडी एका सलग कागदावर येते. तरी पिना तिथेच असतात, कुणाचा डोळा पिनेवर येत नाही ना ते बघ.

मजकुरासाठी मुक्त किंवा टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट घे, दोन्ही मोफत आणि छपाईला खुले आहेत. मांडणी स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होईल. इनडिझाइन असेल तर परिच्छेदाचा 'वर्ल्ड-रेडी' पर्याय चालू करायला विसरू नकोस, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. मजकुराची भाषा मराठी अशी निवड, म्हणजे ल आणि श आपल्या वळणाचे येतील, हिंदीचे नाहीत. छापखान्याला फॉन्ट बसवलेली पीडीएफच द्यायची. वर्डची फाइल दिलीस आणि त्यांनी ती त्यांच्या जुन्या फॉन्टात बदलून घेतली, की पहिला बळी ऱ्या जातो. म्हणून नमुना आला की आधी 'किनाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'वाऱ्याने' हे शब्द शोध. मजकूर फक्त काळ्या शाईत हवा, चार रंगांतून बनवलेल्या काळ्यात नको; तसं झालं तर बारीक अक्षरांना रंगीत सावली येते.

आतला कागद १३० जीएसएम, मॅट किंवा बिनचकाकीचा. चकचकीत आर्ट पेपरवर पेन्सिलचित्र दिव्याखाली दिसत नाही. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. पूर्ण छपाईआधी एक डमी त्याच कागदावर, त्याच यंत्रावर. सरांनी ती मूळ चित्रांसोबत उजेडात ताडून बघावी. विशेषतः चार अवघड पानं: सर्वांत फिकं पेन्सिलचित्र, सर्वांत गडद रात्रीचं, त्वचेचे रंग असलेलं एक आणि निळ्या-जांभळ्याचं एक. निळा जांभळट होणं ही नेहमीची तक्रार आहे. रंगांचा निर्णय तू फोनवरच्या फोटोवरून घेऊ नकोस, तो सरांवर सोड.

आता प्रती आणि पैसे. हजार नकोत, दोनशे छाप. डिजिटल छपाईला प्लेटचा खर्च नसतो, त्यामुळे दोनशे संपल्यावर आणखी शंभर जवळपास त्याच दराने मिळतात. हजार ऑफसेटवर छापल्या तर एकेक प्रत स्वस्त पडते, आणि सातशे प्रती तुझ्या आईच्या पलंगाखाली दमट हवेत बुरशी धरतात.

दर छापखान्यागणिक बदलतात, निदान तीन ठिकाणी विचारा. रीत कळावी म्हणून एक आकडा धरू: साहित्य, स्कॅनिंग, डमी, छपाई मिळून ६०,००० रुपये. दोनशेने भागून तू ३०० रुपये किंमत ठेवशील, आणि तिथेच चूक होईल. चाळीस प्रती मुलांच्या. बारा प्रती सर, शाळा, वाचनालयं यांच्या; ठाण्याचं १८९३ सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय त्यात असू दे. भारतात पुस्तक प्रकाशित झालं की तीस दिवसांत चार सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथलं एकेक. चार राखीव. विकायला उरल्या १४०. त्या ३०० ने सगळ्या विकल्या तरी ४२,००० येतात. १८,००० ची खोट. ४५० किंमत ठेवली तर सगळी विक्री होऊन हातात ३,००० राहतात. वीस मुलांत दीडशे-दीडशे.

म्हणजे पुस्तक विकून त्याचाच खर्च काढायचा आणि वर मुलांना मदतही करायची, हे या आकाराला जमत नाही. छपाईचा खर्च आधी पाठीराख्यांकडून पूर्ण उभा कर, त्यांची नावं आभारांत छाप, आणि विक्रीचा प्रत्येक रुपया मुलांचा ठेव. मग ३०० रुपये किमतीलाही ४२,००० म्हणजे मुलामागे २,१०० येतात, वर्षभराच्या कागद-रंगांना त्याचा खरा उपयोग आहे. यापेक्षा मोठं स्वप्न मुलांना दाखवू नकोस. प्रती दुकानात ठेवल्यास तिसरा हिस्सा कमिशनमध्ये जाईल असं धरून चाल. कळव्यात, सोसायट्यांत, शाळेत हाताने विकलेलं बरं.

तुझ्या वर्गमित्रांच्या आणि प्राध्यापकांच्या पैशांबाबत फार सावध राहा. भारतातल्या मंडळाला किंवा ट्रस्टला सामाजिक, शैक्षणिक कामासाठी परदेशी नागरिकाची देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखाली (२०१०), नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. रक्कम शंभर पौंड असली तरी. नोंदणी असलेल्या एका संस्थेने घेऊन दुसरीला देणं हेही २०२०च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. मूळचे मराठी पण आता ब्रिटिश पासपोर्ट घेतलेले काका-मावशीही संस्थेच्या दृष्टीने परदेशी देणगीदारच. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात येत नाहीत. तेव्हा पाठीराखे तिथले असोत वा इथले, भारतीय नागरिकच घे, आणि बाकीच्यांना प्रेमाने नाही म्हण. पैसे तुझ्या खात्यावर अजिबात नकोत. परदेशी शिकणारा विद्यार्थी फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली अनिवासी धरला जातो आणि इथलं साधं बचत खातं त्याला एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यावं लागतं. तेही करून घे. कळव्यातलं एखादं नोंदणीकृत, हिशेब तपासून घेणारं मंडळ किंवा वाचनालय प्रकाशक म्हणून पुढे येत असेल तर त्याच्या खात्यावर, दोन सह्यांनी व्यवहार ठेवा. एकदा सीएला विचारून घ्या.

लीड्समध्ये विकण्याचा विचार सोडून दे. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही, आणि स्टॉल लावून पुस्तकं विकणं त्यात मोडू शकतं. मुलांच्या पुस्तकापायी तुझं शिक्षण धोक्यात यायला नको. प्रदर्शन कर, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला एक प्रत भेट दे, शब्दांचं भाषांतर एका सुट्या कागदावर छापून आत ठेव. याहून काहीही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला ईमेलने विचार आणि उत्तर लेखी घे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. मुखपृष्ठाची फाइल पक्की होण्याआधी अर्ज करा, वेळ लागतो. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही.

टपालाचंही एक सांगतो. या कागदाने पुस्तकाचं वजन साधारण १९० ग्रॅम होतं: ४८ पानांचे दोन्ही बाजूंनी छापलेले २४ कागद, ते १६० ग्रॅमच्या घरात, आणि मुखपृष्ठ तीस. पुठ्ठा-लिफाफा धरून ३०० ग्रॅमच्या आत. टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा मे २०२५ पासून आहे, तिचा ३०० ग्रॅमपर्यंतचा दर कर वगळता २० रुपये. त्यासाठी पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव हवं आणि जाहिराती नकोत, म्हणून पाठीराख्यांची नावंच छाप, दुकानांच्या जाहिराती घेऊ नकोस. १७० जीएसएम कागद घेतलास तर वजन पुस्तकाचंच २४० च्या पुढे जातं आणि चांगलं पॅकिंग केलं की पुढचा टप्पा लागतो.

विक्रीचे पैसे मुलांना रोख न देता साहित्यात द्या, आणि काय हवं ते मुलाला विचारून. सतरा-अठरा-एकोणीसच्या मुलांची गरज वेगळी आहे. बी. एफ. ए. या कलेच्या पदवीसाठी एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर अर्जाची फी आणि सरावाचा कागद हीच त्यांची मदत. शिवाय प्रत्येक मुलाला त्याच्या चारही चित्रांच्या मूळ स्कॅन फाइल द्या. पुढे कुठे काम दाखवायची वेळ आली तर त्या त्याच्या हाताशी हव्यात.

आणि मूळ चित्रं प्रकाशनाच्या दिवशीच परत करा. वहीतला क्रमांक, चित्राच्या मागचा क्रमांक, मुलाची सही. बटर पेपर तसाच राहू द्या.